ओकच्या टेबलाला जुन्या सागवानाच्या जवळचा रंग कसा द्यावा?

नागपूरच्या एका गृहस्थांनी विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे: त्यांच्या घरातली दारे आणि एक मोठे कपाट आजोबांच्या वेळचे, सागवानी आहे. आता जेवणाचे टेबल मात्र आयात केलेल्या ओकमध्ये करून घेतले जात आहे आणि ते जुन्या सागवानाशी जुळावे अशी घरच्यांची इच्छा आहे. मिस्त्रींनी वॉलनट (अक्रोड) रंगाचा स्टेन, म्हणजे लाकडाला देण्याचा पातळ रंग, आणून टेबलाच्या दोन पायांना लावून पाहिला, तेव्हा लाकडातल्या रेषा काळ्याभोर झाल्या आणि त्यांच्यामधला भाग फिकट राहिला. आणखी दोन हात दिले तरी फरक पडला नाही. स्टेन हलक्या प्रतीचा आहे का, कोणता घ्यावा, आणि पावसाळ्यापूर्वी काम पूर्ण करायचे असेल तर तो कसा लावावा, असे त्यांनी विचारले आहे.

माझ्या मते आपल्या मिस्त्रींचे काम चुकलेले नाही आणि स्टेनही बहुधा वाईट नाही. एकाच लाकडात रंग शोषण्याच्या दोन अगदी वेगळ्या जागा आहेत आणि आपण दोघींना एकाच डब्यातून रंग देऊ पाहत आहात, ही खरी अडचण आहे. म्हणून कोणत्या छटेचा डबा घ्यावा हा प्रश्न थोडा बाजूला ठेवून आधी ओककडे पाहू.

ओकच्या झाडात वसंतात पाणी वर नेण्यासाठी मोठ्या नळ्या तयार होतात आणि नंतर उन्हाळ्यात घट्ट, बारीक लाकूड तयार होते. दरवर्षीच्या वाढीत या नळ्यांची एक रांग पडते. फळी कापली की त्या नळ्या उभ्या चिरल्या जातात आणि नुसत्या डोळ्यांनी दिसतील अशा बारीक खाचा उरतात. आपण ज्यांना रेषा म्हणता त्या याच. सागवानातही अशा नळ्यांच्या रांगा असतात, परंतु त्याच्या गाभ्याचे लाकूड मुळातच सोनेरी तपकिरी असल्यामुळे त्याला रंग देण्याची वेळ सहसा येत नाही. केवळ चपडा (स्पिरिटमध्ये विरघळवलेली लाख) किंवा तेल लावले तरी ते उठून दिसते. विदर्भातल्या आपल्या कारागिरांचा हात पिढ्यान्‌पिढ्या सागवानावर बसलेला आहे, आणि सागवानाची सवय ओकवर जशीच्या तशी चालत नाही हे मला स्वतःलाही काही कामे बिघडल्यावरच समजले.

आता स्टेनविषयी. बाजारात ज्याला सरसकट स्टेन म्हणतात त्यात दोन प्रकारचे रंग असतात. एक रंगद्रव्याचा, म्हणजे गेरूसारखी न विरघळणारी बारीक पूड तेलात किंवा पाण्यात मिसळलेली असते. दुसरा डाय, जो द्रवात पूर्णपणे विरघळलेला असतो. कापडावर पडलेला चिखलाचा डाग आणि चहाचा डाग आठवून पाहा. चिखल विणीच्या फटींमध्ये जाऊन बसतो, तर चहा धाग्यातच मुरतो. रंगद्रव्याची पूड ओकच्या खाचांमध्ये जाऊन साचते, परंतु मधल्या घट्ट लाकडावर तिला थांबायला जागाच नसते, त्यामुळे कापडाने पुसताना ती निघून जाते. आपण दुसरा आणि तिसरा हात दिला तेव्हा तीच पूड त्याच खाचांमध्ये आणखी भरली. डाय मात्र घट्ट लाकडातही शिरतो. आपल्या डब्यात काय आहे हे पाहायचे असेल तर तो एक दिवस न हलवता ठेवून तळाशी काडी फिरवावी. काडीला जाड साका लागला तर त्यात मुख्यतः रंगद्रव्य आहे असे समजावे. काही डब्यांत दोन्ही असतात, पण ओकवर गडद रंग हवा असेल तर मी त्यांच्यावर अवलंबून राहत नाही.

म्हणून माझी पद्धत दोन टप्प्यांची आहे: आधी डायने सर्व लाकडाची जमीन रंगवायची आणि नंतर रंगद्रव्याच्या स्टेनने रेषांना थोडी खोली द्यायची. जमीन एकदा मध्यम तपकिरी झाली की तिच्यावरच्या गडद रेषा डोळ्यांना टोचत नाहीत, कारण दोन्हींमधले अंतर कमी झालेले असते.

छटेच्या बाबतीत वॉलनट हा आपल्या घरासाठी चुकीचा आधार आहे असे मला वाटते. वॉलनट नावाने मिळणारे बहुतेक स्टेन थंड, काळसर तपकिरी असतात. आजोबांच्या काळातले सागवान मात्र चपड्याच्या हातांमुळे आणि वर्षांनुवर्षांच्या वापरामुळे मधाळ, किंचित तांबूस झालेले असते. त्यामुळे पहिला डाय मधासारखा सोनेरी, त्यात लाल अगदी थोडा, असा घ्यावा आणि त्यावरचा रंगद्रव्याचा स्टेन मध्यम तपकिरी असावा. काळेपणा आणणे नेहमीच सोपे असते, एकदा आलेला काळेपणा काढणे मात्र फार कठीण जाते, म्हणून दोन्ही वेळा आपल्याला वाटते त्यापेक्षा एक पायरी फिकट छटेपासून सुरुवात करावी.

येथे काही गोष्टी परिस्थितीवर अवलंबून आहेत आणि त्या आपल्यालाच तपासाव्या लागतील. पहिली म्हणजे आपला ओक पांढरा आहे की लाल. पांढऱ्या ओकची मूळ छटा किंचित हिरवट-राखाडी असते, तिला थोडा अधिक तांबूसपणा लागतो. लाल ओकमध्ये गुलाबी झाक असते, आणि तीवर तांबूस डाय दिला तर टेबल विटकरी दिसू लागते. तेथे डायमध्ये लाल मुळीच घालू नये. ओळखण्याची सोपी रीत अशी: दोन-अडीच इंच लांबीच्या तुकड्याचे एक टोक पाण्यात बुडवून दुसऱ्या टोकाकडून जोरात फुंकर मारावी. लाल ओकच्या नळ्या मोकळ्या असतात, त्यामुळे पाण्यात बुडबुडे येतात. पांढऱ्या ओकच्या गाभ्यातल्या नळ्या नैसर्गिकरीत्या बुजलेल्या असतात आणि म्हणूनच दारूची पिंपे त्या लाकडाची करतात.

दुसरी गोष्ट म्हणजे टेबलाची वरची फळी भरीव लाकडाची आहे की प्लायवर विनिअर, म्हणजे लाकडाचा पातळ पापुद्रा, लावलेले आहे. विनिअर साधारण अर्धा मिलिमीटर जाड असते. मशीनने दोन मिनिटे एकाच जागी घासले तरी खालचा प्लाय दिसू शकतो, म्हणून ते हातानेच आणि बारीक कागदाने घासावे लागते. पाय भरीव आणि वरचा भाग विनिअरचा असेल तर दोघे रंगही वेगवेगळा घेतील, तेव्हा नमुने दोन्हींचे करावे लागतील.

नमुन्याविषयी मी आग्रहाने सांगतो, कारण माझ्याकडे येणाऱ्या तक्रारींपैकी बहुतेक येथेच टळल्या असत्या. दुकानातल्या छटापत्रकावर विश्वास ठेवू नये, कारण ते वेगळ्या लाकडावर आणि वेगळ्या पॉलिशखाली केलेले असते. आपल्याच टेबलाच्या लाकडाचे उरलेले तुकडे मिस्त्रींकडून मागून घ्यावेत, ते टेबलाइतकेच घासावेत आणि त्यांवर डाय, स्टेन आणि शेवटचे पॉलिश असे सगळे टप्पे पूर्ण करावेत. नुसता वाळलेला स्टेन फिकट आणि निस्तेज दिसतो, पॉलिश चढल्यावर तो पुन्हा गडद होतो, त्यामुळे अर्ध्या नमुन्यावरून निर्णय घेतला तर टेबल हमखास अपेक्षेपेक्षा गडद होते. प्रत्येक तुकड्याच्या मागे काय, किती आणि किती वेळ लावले ते पेन्सिलने लिहून ठेवावे. मग तो तुकडा सागवानी कपाटाला टेकवून सकाळच्या उजेडात पाहावा आणि रात्री जेवणाच्या खोलीतल्या दिव्याखाली पुन्हा पाहावा. पिवळसर दिव्याखाली तांबूस छटा वाढल्यासारखी दिसते आणि पांढऱ्याशुभ्र एलईडीखाली तीच छटा मळकट वाटते. टेबल जेथे वापरले जाणार तेथला उजेड प्रमाण मानावा.

एक स्पष्टपणे सांगायला हवे. ओकचे सागवान होणार नाही. त्याची रेषा वेगळी आहे, आणि उभ्या कापाच्या, म्हणजे गाभ्याकडून सालीकडे कापलेल्या, पांढऱ्या ओकमध्ये दिसणारे चमकदार पट्टे सागवानात नसतात. दोन लाकडे एकाच घरातली वाटावीत इतपत रंगांची जवळीक साधता येते आणि ती पुरेशी असते. तेवढ्यासाठी रेषा पूर्णपणे झाकून टाकल्या तर ओक घेतल्याचा उपयोगच राहत नाही.

घासकामात ओकवर सर्वांत जास्त होणारी चूक म्हणजे जास्त घासणे. १२० नंबरच्या कागदाने मशीनच्या खुणा काढाव्यात, १५० ने सारखे करावे आणि शेवटी १८० ने रेषेच्या दिशेने हाताने घासून थांबावे. विनिअर असेल तर थेट १८० पासून सुरुवात करून २२० वर थांबावे. ३२० किंवा ४०० पर्यंत गेल्यास लाकूड हाताला रेशमासारखे लागते खरे, पण त्याचा पृष्ठभाग इतका दाबला जातो की रंग घेतच नाही. फळ्यांची टोके मात्र इतर भागापेक्षा अधिक रंग पितात, म्हणून तेथे २२० पर्यंत घासलेले चांगले. जोडांजवळ बाहेर आलेला फेविकॉल ओल्या कापडाने पसरवून पुसला असेल तर तेथे रंग चढत नाही आणि पांढुरके चट्टे राहतात. असे भाग स्पिरिटने ओले करून पाहिले की लगेच दिसतात, तेव्हाच ते खरवडून पुन्हा घासावेत. शेवटी खाचांमध्ये भरलेली भुकटी मऊ ब्रशने आणि व्हॅक्यूमने काढावी. ती राहिली तर रेषा पांढरट दिसतात आणि रंग एकसारखा बसत नाही.

यानंतर लोखंडाचा विषय येतो, आणि तो मी सविस्तर सांगतो, कारण त्याची किंमत मी मोजलेली आहे. ओकमध्ये टॅनिन हे तुरट द्रव्य भरपूर असते. हिरड्याच्या पाण्यात लोखंड पडले की ते काळे होते, तसेच ओकचे होते. जुन्या काळी युरोपात लिहिण्याची शाई ओकवरच्या गाठी आणि लोहाचे क्षार यांपासूनच बनवत असत. सुरुवातीच्या वर्षांत एका घरच्या पुस्तकांच्या कपाटाला मी स्टील वूलने शेवटचा हात फिरवला, ब्रशने झटकले आणि पाण्यातला डाय लावला. दुसऱ्या दिवशी सकाळी सगळ्या कपाटावर निळसर काळे ठिपके उठले होते, जणू कोणी शाई शिंपडली असावी. स्टील वूलचे डोळ्यांना न दिसणारे तंतू ओकच्या खाचांमध्ये अडकले होते आणि पाणी मिळताच त्यांनी आपले काम केले होते. ऑक्झॅलिक अ‍ॅसिड कोमट पाण्यात विरघळवून प्लास्टिकच्या भांड्यातून ब्रशने लावल्यावर ते ठिपके गेले, परंतु सर्व कपाट पुन्हा धुणे, वाळवणे, घासणे आणि रंगवणे यात आठवडा गेला. हे द्रव्य विषारी आहे, हातमोजे आणि चष्मा घालूनच ते वापरावे, नंतर लाकूड स्वच्छ पाण्याने अनेकदा पुसून घ्यावे आणि वाळलेली पांढरी भुकटी कोरडी घासून हवेत उडवू नये. तेव्हापासून ओकच्या कामाला माझ्याकडे स्टील वूल येऊ दिले जात नाही, त्याऐवजी नायलॉनचा पॅड वापरतो. स्क्रू पितळी किंवा स्टेनलेस स्टीलचे घ्यावेत. डाय विरघळवण्यासाठी बोअरचे पाणी वापरू नये, त्यात लोह असू शकते. बॅटरीसाठी मिळणारे डिस्टिल्ड वॉटर घ्यावे.

प्रत्यक्ष लावण्याकडे येऊ. पाण्यातला डाय वापरणार असाल तर आधी लाकूड नुसत्या डिस्टिल्ड पाण्याच्या ओल्या कापडाने पुसून पूर्ण वाळू द्यावे. त्याने लाकडाची लव उभी राहते, ती १८० च्या वापरलेल्या कागदाने अलगद काढावी म्हणजे रंग दिल्यावर पुन्हा खरखर येत नाही. डाय कापडाच्या बोळ्याने सढळ हाताने लावावा, संपूर्ण फळी एकदम ओली ठेवावी आणि कोठेही थेंब साचू न देता रेषेच्या दिशेने पुसून घ्यावी. स्पिरिटमधला डाय फार लवकर वाळतो, त्यामुळे एक पट्टा वाळल्यावर शेजारचा पट्टा लावला तर मध्ये गडद रेघ पडते. टेबलाच्या मोठ्या फळीला म्हणूनच मी पाण्यातला डाय निवडतो आणि दोन माणसे दोन बाजूंनी काम करतो. डाय घेताना तो उन्हात टिकणारा आहे का हे दुकानदाराला अवश्य विचारावे. स्पिरिटमध्ये विरघळणाऱ्या साध्या स्वस्त पुडी खिडकीजवळच्या टेबलावर लवकर उडतात.

डाय एक रात्र वाळल्यावर त्यावर तेलातला रंगद्रव्याचा स्टेन लावावा. पाण्यातला डाय तेलाने सुटत नाही, त्यामुळे मध्ये सीलर, म्हणजे खालचा रंग बंद करणारा थर, देण्याची गरज पडत नाही. काही कारागीर पातळ चपड्याचा हात देऊन मग स्टेन लावतात. ते पाइनसारख्या चट्टे पडणाऱ्या लाकडाला उपयोगी आहे, ओकवर मात्र त्यामुळे सपाट भाग बंद होतो आणि खाचा उघड्या राहतात, म्हणजे आपल्याला नको असलेला फरक उलट वाढतो. स्टेन खाचांमध्ये जाईल असा आडवा-उभा चोळून ५ ते १० मिनिटे थांबावे, आधी आडवे आणि शेवटी रेषेच्या दिशेने पुसावे. आपल्या नमुन्यात रेषा अजूनही जास्त काळ्या वाटल्या तर हा वेळ कमी करावा किंवा तोच स्टेन टर्पेंटाइनने पातळ करावा. त्यानंतर काम संपले असे समजून निघून जाऊ नये. ओकच्या खाचांमधून तेल तासाभरात पुन्हा वर येते आणि चमकदार ठिपके वाळून बसतात. मी दर १५ मिनिटांनी कोरडे कापड फिरवत राहतो, वर येणे थांबेपर्यंत.

या कामातली कापडे हा घराच्या सुरक्षिततेचा प्रश्न आहे. तेलाने भिजलेल्या चिंध्यांचा बोळा करून टाकला तर तेल वाळताना निर्माण होणारी उष्णता आत कोंडते आणि काडी न लावता त्या पेट घेऊ शकतात, आणि आपल्याकडच्या मे महिन्यात त्यांना आधीच निम्मी ऊब मिळालेली असते. प्रत्येक कापड उघडे पसरून सावलीत कडक होईपर्यंत वाळवावे किंवा झाकण असलेल्या पत्र्याच्या डब्यात पाणी भरून त्यात टाकावे.

हंगामाचे म्हणाल तर पावसाळ्यापूर्वी काम संपवण्याचा आपला विचार योग्य आहे, पण नवतपाच्या, म्हणजे मेअखेरच्या सर्वांत कडक उन्हाच्या, दिवसांत दुपारी किंवा गच्चीवर हे काम करू नये. ४५ अंशांच्या हवेत स्टेन पुसायच्या आतच चिकट होतो. पहाटे सहा ते नऊ ही वेळ उत्तम, आणि त्या वेळी खोलीतला कूलर बंद ठेवावा, कारण त्याचे बारीक तुषार ओल्या डायवर गोल डाग पाडतात. उन्हाळ्यात तेलाच्या स्टेनला किमान २४ तास द्यावेत. पाऊस सुरू झाला तर दोन-तीन दिवस थांबावे लागते आणि ओलसर हवेत मारलेले एनसी (नायट्रोसेल्युलोज) लॅकर किंवा चपडा दुधाळ पडण्याचा धोका असतो. याच कूलरमुळे आणखी एक गोष्ट करावी लागते: मेच्या कोरड्या हवेत आकसलेली भरीव फळी कूलरच्या खोलीत गेली की ओल घेऊन रुंदीला फुगते. म्हणून पॉलिशचे जेवढे हात वरून द्याल तेवढेच खालच्या बाजूनेही द्यावेत, नाहीतर फळी वाकते.

शेवटच्या थरासाठी जेवणाच्या टेबलाला मी दोन घटकांचा पीयू (पॉलियुरेथेन) सुचवीन. चपड्याची झळाळी मला स्वतःला अधिक प्रिय आहे, आणि आपल्या कपाटावर बहुधा तीच असेल, परंतु गरम पातेले आणि सांडलेले पाणी यांच्यापुढे तो टिकत नाही. पीयू मॅट किंवा अर्धमॅट घ्यावा, म्हणजे जुन्या लाकडाशेजारी नवे टेबल प्लास्टिकसारखे चमकणार नाही. खालचा तेलाचा स्टेन पूर्ण वाळल्याची खात्री करण्यासाठी पांढरे कापड जोराने घासून पाहावे. रंग लागला तर थांबावे.

राहिले ते आधीच रंगवलेले दोन पाय. ते टर्पेंटाइन आणि नायलॉनच्या ब्रशने रेषेच्या दिशेने चोळून धुवावेत, वाळल्यावर १२० आणि १५० ने घासावेत. सपाट भाग बराचसा मोकळा होईल, खाचांमधला काळेपणा मात्र पूर्णपणे निघणार नाही आणि त्यासाठी लाकूड झिजवत बसू नये. घासलेल्या भागात तेलाचा अंश उरला तर पाण्यातला डाय तेथे नीट चढत नाही, म्हणून या दोन पायांना स्पिरिटमधला डाय द्यावा. त्यांची रुंदी थोडी असल्यामुळे पट्टे पडण्याची भीती नसते. त्यांवर दुसऱ्या टप्प्यातला रंगद्रव्याचा स्टेन देऊ नये, कारण त्यांच्या रेषांमध्ये तो आधीच आहे. इतके करूनही ते दोघे अंगभर किंचित गडद राहतील, तेव्हा मिस्त्रींना जोडणीपूर्वीच सांगून ठेवावे की हे दोन पाय टेबलाच्या भिंतीकडच्या बाजूला लावायचे आहेत.